सहावा कप

सोमवारी आमच्या चिंचवडच्या कंपनीत कँटीनमध्ये वाद पेटला. मोठ्या साहेबांनी गोल्फचा कप सलग सहाव्यांदा जिंकला होता.

“फटका चुकला की काठी फेकतात, हरलेल्याशी हात मिळवत नाहीत. असला कसला खेळाडू?” सुरेंद्र म्हणाला.

“पण त्यांना हरवून दाखवलं का कुणी?” उद्धवराव तडकले. “ज्योतीराम, दर रविवारी त्यांची बॅग तूच उचलतोस. तूच सांग, राव.”

“नेम पक्का आहे साहेबांचा,” मी म्हणालो आणि पाय बाकाखाली ओढून घेतले.

झुडपात गेलेला त्यांचा चेंडू सहा वर्षं मीच पायाच्या अंगठ्यानं बाहेर ढकलतोय. पहिल्या वर्षी म्हणाले होते, तुझ्या भावाला परमनंट करतो.

आज सकाळीही तो गेटवर बदली कामगारांच्या रांगेत उभा होता.