शोकेसमधला रेणू

निसर्गाचे नियम कुणापुढे वाकत नाहीत. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख हुद्दार सर मात्र ते शोकेसच्या मापाने बेतत. महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार म्हणून त्यांनी थर्माकोलचा पाण्याचा रेणू केला, तो फूटपट्टीसारखा सरळ.

"सर, पाण्याचा रेणू वाकडा असतो," तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या निमकर मॅडम म्हणाल्या. "ऑक्सिजनच्या दोन मोकळ्या इलेक्ट्रॉन जोड्या हायड्रोजनना खाली रेटतात."

"वाकडा फळीवर मावत नाही. आणि वाकडा दिसला, तर जूनमध्ये तुम्ही इथे दिसणार नाही."

मॅडमनी रेणू सरळच ठेवला. फक्त समितीच्या दिवशी लवकर येऊन मधला गोळा काळा, कडेचे लाल रंगवले आणि पाटी बदलली: कार्बन डायऑक्साइड. तो जात्याच सरळ.

समिती शोकेसपुढे थांबली. "हा असा सरळ का?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाण्याचा..." म्हणता म्हणता सरांनी पाटी वाचली आणि ते शेजारी उभ्या मॅडमकडे वळले. "सांगा की मॅडम," ते दातओठ खात पुटपुटले.

"जूनचं काय?" मॅडमनी तितक्याच हळू विचारलं.

"घेतो! बोला!"

मॅडम बोलल्या, "मधल्या कार्बनवर मोकळी जोडीच नाही. रेटायला कुणी नाही, म्हणून दोन्ही ऑक्सिजन एकमेकांपासून होता होईल तेवढे लांब बसतात."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि शोकेस कुठल्या सुताराकडून करून घेतलं ते विचारलं. ते इतिहासाचे होते.