तज्ज्ञाचा दाखला

"डिस्प्ले बदललाय ह्याचा," जयसिंग म्हणाला आणि त्यानं तो फोन मेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरून काउंटरवर ठेवला.

समोर हृतिक उभा होता. रांजणगावच्या एका कंपनीत कामाला. फोन घेऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, पण गेल्या आठवड्यात नवं मॉडेल आलं आणि कालपर्यंत उशाशी घेऊन झोपायचा तो फोन चारचौघांत काढायची त्याला लाज वाटू लागली. नवा आज सकाळीच घेऊन झाला होता.

"बदललाय? अवो, माझ्या हातनं ह्यो पडला बी न्हाई कवा."

"मग तुला घेतानाच फसवला असंल कुणी. बारा वर्सं हेच काम करतोय मी. द्यायचा तर दे, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

हृतिकनं निम्म्या किमतीत दिला. नव्याला भुललेला माणूस जुन्याची वाट्टेल ती निंदा ऐकून घेतो. फोटो नव्या फोनात जाईपर्यंत तो बाकावर बसून राहिला. नव्या फोनच्या काचेत स्वतःचे केस सारखे करणं, एवढंच काम त्याला उरलं होतं.

शिरूरच्या स्टँडसमोर जयसिंगचं हे जुन्या फोनांचं दुकान होतं. दुसरं दौंडला. तिथं त्याची बायको सुवर्णा बसे आणि तिच्यासाठी तो बिलबुकं आधीच सह्या करून ठेवी. नवं मॉडेल आलं, की दोन्हीकडे पोळा फुटायचा. विकायला आलेला प्रत्येक फोन त्याच्या मते भंगार असे. तोच फोन काचेच्या कपाटात गेला, की एक नंबर. यात त्याला काही वावगं वाटत नसे. फसणाऱ्यांची त्याला कीवसुद्धा येत नसे, नुसती किळस येई.

दोन्ही दुकानांत एकच पाटी होती, इथं ती त्याच्या डोक्यावर : 'आमच्याकडून घेतलेल्या फोनचा डिस्प्ले बदललेला निघाल्यास दुप्पट पैसे परत.' त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत : 'मुदत एक महिना. तज्ज्ञाचा सही-शिक्क्याचा दाखला आवश्यक.' मोठी अक्षरं गिऱ्हाइकांसाठी होती, बारीक स्वतःसाठी. आजवर कुणी दाखला आणला नव्हता.

दुपारी एक म्हातारा पायरी चढून आला. धुवट सदरा, हातात रुमालात बांधलेलं काहीतरी. त्यानं गाठ सोडली आणि आतून गेल्या वर्षीचं मॉडेल निघालं, निळ्या रंगाचं.

पाटसच्या एका बागायतदाराला हेच मॉडेल, याच रंगात, आज संध्याकाळपर्यंत हवं होतं. ते मिळालं, तर घरातले आणखी पाच फोन तो जयसिंगकडूनच घेणार होता. सकाळपासून जयसिंगनं सगळा तालुका पालथा घातला होता.

"कुठनं आला, आबा?"

"कवठे येमाईवरनं. म्हाळू माझं नाव. नातीचा फोन हाय. काय येत्याल ह्याचं?"

जयसिंगनं फोन उलटसुलट केला. एक ओरखडा नाही. बॅटरी ठणठणीत, डिस्प्ले मूळचा. महिनोन्‌महिने असा माल हाताला लागत नाही. त्यानं तोंड कडू केलं.

"गेला हो ह्यो. डिस्प्ले बदललाय. डुप्लिकेट टाकलाय."

"व्हय? दिसतोय तर झ्याक."

"तुमाला काय कळतंय त्यातलं? शेण कुठलं आन् शेणखत कुठलं, तेवढं तुमी सांगा. ह्ये मला सांगू द्या."

बाकावर हृतिक खो खो हसला. तासाभरापूर्वी हेच आपल्याला ऐकवलं होतं, हे त्याच्या टाळक्यात शिरलं नाही.

म्हाळूआबा रागावले नाहीत. "बरुबर हाय तुमचं," ते म्हणाले. "पर नात लई शिकल्याली. माझ्यावर इस्वास न्हाई ठेवायची. तुमी कागदावर लिहून द्या. म्हंजी ती गपगुमान इकंल."

जयसिंगला हसू आलं. येडं गावतंय ते असं. त्यानं दुकानाच्या छापील कागदावर लिहिलं : 'सदर फोन तपासला. डिस्प्ले बदललेला आहे.' खाली झोकात सही केली.

"फोनचा नंबर बी टाका. न्हाईतर म्हणंल, दुसऱ्याच फोनाचं लिहून आणलं."

त्यानं फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर टाकला.

"शिक्का?"

जयसिंगनं शिक्का हाणला. 'जयसिंग, मोबाईल तज्ज्ञ, शिरूर-दौंड.' हौसेनं करून घेतलेला शिक्का होता तो. "आता बोलवा नातीला. चार वाजायच्या आत काय त्ये ठरवा."

म्हाळूआबा फोन आणि कागद घेऊन बाहेर गेले. जयसिंगनं तेवढ्यात पाटसला फोन लावला. "साहेब, मिळालाय. एक नंबर पीस. डिस्प्ले ओरिजिनल, माझ्या जबाबदारीवर." हृतिकनं हातातल्या काचेवरून नजर उचलली.

आबा स्टँडवर थांबलेल्या नातीला घेऊन परत आले. दीक्षा तिचं नाव. दौंडला दवाखान्यात नर्स होती. तिनं आधी पाटीवरची बारीक अक्षरं वाचली, मग कागद. कागदावरचा नंबर फोनशी ताडून पाहिला.

"डिस्प्ले बदललाय, नक्की?"

"आता लिहून दिलंय की, ताई. आमच्या शब्दावर अख्खं शिरूर चालतं."

तिनं पर्समधून एक बिल काढून त्या कागदाशेजारी ठेवलं. दौंडच्या दुकानाचं, नऊ दिवसांपूर्वीचं. फोनचा नंबर तोच. पुढं सुवर्णाच्या अक्षरात 'डिस्प्ले ओरिजिनल', आणि खाली जयसिंगची तीच झोकातली सही.

"ह्ये खोटं हाय!" जयसिंग ओरडला.

"कंचं?" बाकावरून उठत हृतिकनं विचारलं.