शेवटचे दोन किलोमीटर

कंपनीने नव्या गाडीसाठी पर्याय विचारले, तेव्हा मधुसूदन टिपऱ्यांनी तिसऱ्यांदा प्लग-इन हायब्रिडच निवडली.

"धड विजेची नाही, धड पेट्रोलची नाही," इस्पितळातली रात्रपाळी संपवून आलेली शाल्मली म्हणाली. "बाबा, तुम्हाला कधी एक काही ठरवता आलंय?"

"नाही ना. तुझं नावसुद्धा आईनंच ठरवलं. झोप आता," म्हणत ते जुन्या गाडीतून सिन्नरच्या कारखान्याकडे निघाले. दुपारी तिथेच त्यांचं हृदय बंद पडलं.

तेराव्यानंतर शाल्मली कारखान्यातून गाडी घेऊन निघाली. बाबांचं सामान घरी उतरवून ती कंपनीला परत करायची होती, आणि मग गाडीची स्मृती पुसली जाणार होती. घराच्या अलीकडच्या वळणावर इंजिन आपोआप बंद झालं.

"पेट्रोल संपलं?"

"नाही," गाडी म्हणाली. "शेवटच्या दोन किलोमीटरची बॅटरी साहेब रोज राखून ठेवायला सांगतात. दुपारी ते घरी परततात, तेव्हा शाल्मली झोपलेली असते. आवाज नको."

गाडी निःशब्दपणे दारात थांबली. शाल्मली उतरली नाही.

"बाबा, मी जागीच असायचे," ती म्हणाली. "तुम्ही फाटक लावलंत, की मग झोपायचे."