कोकिळेनं नाव घेतलं

"मास्तरांचा घसा बसलाय, तेव्हा त्यांच्या कविता आता पुढच्या वर्षी ऐकू," अध्यक्ष म्हणाले आणि पुढचं नाव पुकारायला लागले.

कोकिळा उठून उभीच राहिली. "पुढच्या वर्षी काऊन? मी म्हणते ना कविता. आत्ताच म्हणते."

अलिबागेतल्या त्या नारळीच्या वाडीत बसलेली सगळी डोकी मागं वळली. शनिवार-रविवार समुद्रकाठी साहित्याच्या गप्पा मारायला जमलेली मंडळी, कुणी पुण्याचं, कुणी मुंबईचं. वऱ्हाडातून आलेलं जोडपं एकच, जानेफळचे शालिग्राम मास्तर आणि त्यांची बायको. मलकापूरला आगगाडीत बसले तेव्हा मास्तर चांगले ठणठणीत होते. पुढं मुंबईहून बोटीत बसले, खारा वारा खाल्ला, आणि उतरले ते आवाज घालवूनच.

"अवं, बस ना खाली," मास्तरांनी तिचा पदर ओढला. आवाज कसला, नुसती फसफस.

"तुमीच बसा. घसा तुमचा बसला, माहा नाही."

पहिल्या रांगेतल्या एका पगडीवाल्यांनी घसा खाकरला. भरसभेत बायकामाणसांनी असं पुढं यावं का, वगैरे काहीतरी ते पुटपुटले. कोकिळेनं त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांना एकाएकी पानाचा डबा आठवला.

"वाचता येतं ना पण?" अध्यक्षांनी हसून विचारलं.

"येते. ह्यायनंच शिकवलं."

ते खरंच होतं. मास्तरांनी तिला कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवायला लावली होती आणि त्यावरून भावकीची बोलणीही खाल्ली होती. माणूस वाईट नव्हता. 'वऱ्हाडकर' या टोपणनावानं मासिकात कविता छापून यायला लागल्या, तेव्हा त्यांनी तो अंक घरात सगळ्यात आधी तिलाच दाखवला होता. त्या रात्री ती जेवली नव्हती. का जेवली नाहीस, हे मास्तरांनी विचारलं नाही.

घरून निघताना सासूनं भाकरी-ठेच्याची शिदोरी बांधून दिली होती. "समिंदर पाहून ये वं बाई, मंग मले सांगजो," एवढंच म्हणाली होती. गुडघे धरलेल्या म्हातारीला सोबत चल म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही.

कोकिळेनं कवितांचे कागद मास्तरांच्या मांडीवर ठेवले. तिला कागद लागत नव्हता. ती डोळे मिटून म्हणाली:

"खाऱ्या तळ्याचं पाणी, नाही पिकाले, प्याले;
डोळ्यातलं पाणी माह्या, कोन पुसते त्याले?"

लोणारचं तळं त्या मंडळींपैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. तरी सगळ्यांच्या माना पुढं झुकल्या. मग ती दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. पगडीवाल्यांचा हात पानाच्या डब्यातच राहिला. शेवटच्या कवितेनंतर टाळ्या पडल्या त्या थांबेचनात.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "पुरुषाच्या जातीनं बाईचं मन इतकं ओळखावं! कमाल आहे मास्तर!"

मास्तरांनी मान खाली घातली.

"केवढा हा विनय!" कुणीतरी म्हणालं.

"आणि नवऱ्याचं सगळं काव्य तोंडपाठ! अशी बायको मिळायला भाग्य लागतं हो!"

कोकिळेच्या कानशिलांना आग लागली.

"पुस्तक मी छापणार," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा स्वतःचा छापखाना होता. "बोली जरा गावंढळ आहे, तेवढी शुद्ध करून घेऊ. 'पुसते त्याले' नको, 'पुसतो त्यास' करू."

"एक अक्षर हालवाचं नाही!" कोकिळा कडाडली. "बोली आमची हाय. छापाची असंल तर अशीच छापा, नाही तं ठेवा तो छापखाना तुमच्याजोळ."

"अवं..." मास्तर फसफसले.

अध्यक्ष खो खो हसले. "राहिलं! आहे तसंच छापू. पण आता टोपणनाव पुरे. पुस्तकावर कवीचं खरं नाव घालू."

एवढ्यात यजमानीणबाई अबोलीचा हार घेऊन पुढं आल्या. त्यांना भलताच हुरूप आला होता. "मग ते नाव कोकिळाबाईंच्याच तोंडून ऐकायचं! उखाण्यात घ्या! घेतल्याशिवाय सोडणार नाही!"

"घ्या, घ्या!" बायका ओरडल्या.

"आमच्याकडं सुना हे नाव घेत नाहीत," कोकिळा म्हणाली. "लग्न झाल्यापासून माह्या तोंडाले ते लागलं नाही. घरी कळलं तं मले उंबऱ्याच्या आत घेनार नाहीत."

"अहो, इथं कोण सांगायला जातंय!"

मास्तरांनी तिचा हात धरला. "नको," ते म्हणाले. "पाया पडतो तुह्या, नको."

"लाजले बघा मास्तर!" सगळी वाडी हसली.

कोकिळेनं नवऱ्याकडं पाहिलं. तिला त्यांची कीव आली, अगदी पोटातून आली. घरी परतल्यावर काय वाढून ठेवलंय, तेही तिला दिसत होतं. पण आज गप्प बसली असती तर जन्मभर बसावं लागलं असतं. तिनं हात सोडवून घेतला आणि पदर खोचला.

यजमानीणबाईंनी हार मास्तरांच्या गळ्याजवळ नेला. अध्यक्षांनी टाक शाईत बुडवला.

"उखाना-बिखाना काही नाही. लिहा," कोकिळा म्हणाली. "रुख्मिणीबाई. माही सासू."