उचलून नेलेली बहीण

पडद्यावर भावानं गुंडाला दरीत ढकललं, बहिणीच्या तोंडावरची पट्टी सोडली आणि मग पोलीस आले. बीडच्या थिएटरात दिवे लागले तेव्हा बोलावलेल्या पत्रकारांपैकी एकटी यशोधरा उरली होती.

निर्माता सोमेश्वर तिच्या शेजारी येऊन बसला. तलवाड्याचा बागायतदार, साठीकडे झुकलेला. हा त्याचा पहिलाच पिक्चर.

"कसा वाटला, ताई? खरं सांगा."

"पांढरी गाडी, ओसाड गोदाम, खंडणीचा फोन. हेच सगळीकडे असतं. आणि बहिणीला एकही वाक्य नाही. पट्टी सुटल्यावरही ती बोलत नाही."

"तिनं काय बोलायचं? भाऊ आला, सुटली." त्याचा आवाज खाली आला. "खरी गोष्ट हाय ही. माझी धाकटी बहीण, सत्यभामा. कॉलेजला म्हणून बीडला गेलती. उचलून नेली."

"कुणी?"

"होता एक. आमच्यातला न्हवता."

"पोलिसांत तक्रार दिली?"

"घरातली गोष्ट भाईर कशाला काढायची? मी आन् चुलते जीप घेऊन निघालो. मांजरसुंब्याला गाठलंच."

"गाठलंत?"

सोमेश्वर गडबडला. "पिक्चरमधी. खऱ्यात तिथवर नुसता माग लागला."

"आणि पुढे?"

तो एकदम वळला. "तुमी कावून इतकं इचारताय?"

"परीक्षण लिहायचंय."

"आडनाव काय म्हणलात तुमचं?"

"नुसतं यशोधरा लिहिते."

त्यानं तिला नीट न्याहाळलं. बाहेरच्या दाराशी त्याची दोन माणसं बोलायची थांबली होती. तरी यशोधरा उठली नाही.

"ती जिवंत आहे का?"

"आमच्यासाठी तवाच मेली." तो खुर्चीचा हात धरून उठला. "तेरावंबी घातलंय तिचं. शो संपला, ताई. या आता."

दाराशी उभ्या माणसांच्या मधून ती बाहेर पडली. तिनं स्कूटीला किल्ली लावली. मागं कुणी येत नाही ना, हे बघत ती आडगल्लीनं घरी पोचली.

आईनं बेल वाजायच्या आधीच दार उघडलं.

"भेटला?"

"भेटले. पिक्चर अगदी नेहमीचा आहे. त्यात त्यांनी..."

"पिक्चरचं राहू दे गं," सत्यभामा म्हणाली. "दादा दिसतो कसा आता?"