राघोकाकाची होडी

"राघो, माझ्या पोरीला जपून आन रं!" अंजूरच्या धक्क्यावरून आई अशी साद घालायची. आई गेली, तरी सासरच्या काठावर होडीत पाय ठेवताना तुळजाला ती साद ऐकू यायचीच.

त्र्याहत्तर साली खाडीत लाँच आली. वर कापडी छत, आत रेडिओ, आणि नऊ फेऱ्या केल्या की दहावी फुकट. राघोकाकाच्या वल्ह्याच्या होडीत सवलत एकच, त्याच्या बापापासून चालत आलेली: अंजूरची लेक माहेरी निघाली, तर तिचं भाडं घ्यायचं नाही.

"तुळजे, लाँच पाव तासात पोचवते. त्या म्हाताऱ्यासंगं तासभर डुलत कशाला जातीस?" बायका चिडवायच्या.

"लाँचीत रेडिओ बोलतो. माझ्याशी कोन बोलनार?" ती हसून म्हणायची.

त्या दिवशी सगळे लाँचने गेले. होडीत ती एकटीच होती. खाडीच्या मध्यावर तिनं कनवटीची नाणी काढून काकाच्या पायाशी ठेवली.

"काका, घे हे. दोन वर्सं तुला फसवते मी. आई गेल्यावर भावानं दार बंद केलं. मी माहेरी जातच न्हाय. धक्क्यावर घटकाभर बसते आन् परत येते."

राघोकाकानं वल्हं थांबवलं. नाणी उचलून तिच्या ओंजळीत परत ठेवली.

"ठावं हाय मला. म्हनून तर वल्हं सावकाश मारतो, बाय. तुजं माहेरपन तेवढंच लांबतं."