मापमास्तरांचा ठोकळा

"ठोकळा काढा, मास्तर," पैलतीरचा म्होरक्या म्हणाला. "आज काय तो सोक्षमोक्ष लागू दे."

मापमास्तरांनी पेटीतून लाकडी ठोकळा काढला. अकरा वर्षांपूर्वी तळ्याच्या दोन्ही काठांनी भांडणं मिटवून एकच नियम केला होता. जाळ्याच्या डोळ्यातून, म्हणजे धाग्यांमधल्या भोकातून, हा ठोकळा आरपार गेला पाहिजे. अडला, तर जाळं फाडायचं. लहान मासा निसटला तरच पुढच्या साली मोठा मिळणार, हे काही कुणाला शिकवायला नको होतं. मास्तर मापाला पक्के. गेल्या साली सख्ख्या पुतण्याचं जाळं त्यांनी भर धक्क्यावर फाडलं. तेव्हापासून भावजय त्यांच्याशी बोलत नाही.

तरी मासे संपत चालले होते. टोपल्यांत बोटाएवढी पिल्लं यायची. कुणीतरी चोरून बारीक जाळी टाकत होतं, आणि तो कुणीतरी कायम समोरच्या काठाचा असायचा. आज तर माणसं शेडमध्ये वल्ही घेऊनच बसली होती. चोर सापडला नाही तर करार मोडणार होता. मग ज्याला जमेल तो तळं ओरबाडणार.

"चोर कुठल्याही काठाचा असो," त्यांनी बजावलं, "त्यानं पुन्हा या तळ्यावर पाऊल ठेवायचं नाही."

एकेक जाळं पुढे आलं. ठोकळा कुठेच अडेना. सगळेच साव निघाले.

"तुमचा ठोकळा धड आहे ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"दर महिन्याला घासून तेल लावतो मी. एक कुसळ दाखव."

"बायकोला तरी इतकं जपलं होतंत का, मास्तर?"

पैलतीरची एक म्हातारी गाठोडं घेऊन पुढे आली.

"हेही मोजा. आमच्या ह्यांनी कराराच्या पहिल्याच महिन्यात विणलं होतं, तुमच्याच ठोकळ्यावर. ते गेले तसं माळ्यावर पडलंय. उद्या म्हणाल, म्हातारीनं लपवलं."

मास्तरांनी डोळ्यात ठोकळा धरला. तो धाग्याला न शिवता खाली पडला. त्यांनी दुसरा डोळा पाहिला, तिसरा पाहिला. ठोकळ्याच्या बाजूला आणखी एक करंगळी सहज मावत होती. आज पास झालेलं एक जाळं त्यांनी शेजारी ठेवलं. त्यात ठोकळ्याच्या बाजूला करंगळी सोडा, काडीसुद्धा जाईना.

"जुनं जाळं आहे, काका. सैलावलं असेल," पुतण्या हळूच म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"चोर सापडला," ते म्हणाले, आणि खिशातला, ठोकळा घासायचा पॉलिश पेपर काढून त्यांनी टेबलावर ठेवला.